मनोहरभाऊंचं ‘थांब गा’

इथं जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना आणि भावाबहिणींना माझा नमस्कार. सुमनवहिनी, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला भाषण करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रात्रभर बसून कागदावर लिहून आणलं होतं. मघाशी इथं उभा राहिलो, समोर भाऊंचा हार घातलेला फोटो दिसला, आणि कागदावरची अक्षरं हलायला लागली. कागद खिशात ठेवला आहे. आता जे येईल ते बोलतो. मधेच आपल्या बोलीत घसरलो तर सांभाळून घ्या. मनोहरभाऊंबद्दल पुस्तकी मराठीत बोलणं तसंही जमायचं नाही.

मी विलास. मौद्याजवळच्या एका खेड्यातला. भाऊही त्याच भागातले. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली समुद्रात काम केलं.

तुमच्यातले बरेच जण त्यांना या कॉलनीतले भोयर काका म्हणून ओळखता. कोणी शिडी लावली की खाली जाऊन शिडी धरून उभे राहणारे काका. गणपतीच्या मांडवात वायर जोडणाऱ्या पोरांना आधी चपला घालायला लावणारे काका. शेजारच्या देशमुख काकूंनी मला आत्ताच सांगितलं, त्यांच्या गॅसच्या शेगडीची नळी भाऊंनी न विचारता बदलून दिली होती. काकू रागावल्या होत्या म्हणे. हो ना काकू? आज त्याच रडत होत्या.

पण भाऊंची खरी नोकरी काय होती, हे इथं फार थोड्यांना माहीत आहे. समुद्राच्या पोटातून तेल काढतात ना, तिथं काम करणारी माणसं एका मोठ्या सपाट जहाजावर राहतात. त्याला बार्ज म्हणतात. आमच्या बार्जवर भाऊ सेफ्टी ऑफिसर होते. ज्या माणसानं लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली कन्हान नदी, तो माणूस चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी दोनशे माणसांचा जीव सांभाळत होता. पोहता येत होतं का त्यांना? येत होतं. बेताचंच. मी हसायचो तर म्हणायचे, “मले पोहता येऊन काय करू गा? तुमच्यावर पोहाची पाळी येऊ नये, हे माहं काम.”

आमच्या बार्जवर सगळ्या देशाची माणसं. तमिळ, बंगाली, ओडिया, पंजाबी, चार-पाच जण फिलिपाइन्सचे. दिवसभर कोणी ना कोणी ‘स्टॉप, स्टॉप’ ओरडत असायचं. इतकं की त्या शब्दाकडे कोणी लक्षच देत नव्हतं. एकदा क्रेनला लटकलेल्या पाइपाखालून एक बंगाली वेल्डर चालला होता. पाइप घसरायला लागला. भाऊंच्या तोंडातून निघालं, “थांब गा!”

तो थांबला. नुसता तोच नाही, सगळा डेक थांबला. पाइप त्याच्यापुढे दोन हातांवर पडला.

भाऊ नंतर हसून सांगायचे, “समजलं असतं ना, तं त्यानं वाद घातला असता. समजलं नाई म्हणून थांबला.”

त्या दिवसापासून बार्जवर नियमच झाला. ‘थांब गा’ ऐकू आलं की जिथं आहात तिथं पुतळा. मग कॅप्टन असो की भांडी घासणारा. आणि कोणीही, अगदी नवा आलेला माणूससुद्धा, धोका दिसला तर ‘थांब गा’ म्हणू शकतो. त्याला कोणी रागावायचं नाही. थट्टेत मात्र तो शब्द वापरायचा नाही. भिंतीवर सहा लिप्यांमध्ये लिहिलं होतं, थांबगा, एकच शब्द. एका फिलिपिनो कुकला तर वर्षभर वाटत होतं की ते भाऊंचं आडनाव आहे. “गुड मॉर्निंग, मिस्टर थांबगा!” म्हणायचा बिचारा. भाऊंनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

मग आमच्याकडे पहिल्यांदा एक बाई इंजिनिअर आली. केरळची. आता आपल्याकडची पंचाईत तुम्हाला माहीत आहे. पुरुषाला ‘गा’, बाईला ‘वं’. एक दिवस मॅडम ताणलेल्या दोराच्या पलीकडे पाय टाकत होत्या, आणि आपले भाऊ आपल्या संस्कारानं ओरडले, “थांब वं!”

मॅडम कशाला थांबतील? त्यांना तर ‘थांबगा’ शिकवलं होतं. त्या दोर ओलांडून गेल्यासुद्धा. नशीब, दोर तुटला नाही; ताणलेला दोर तुटला की माणूस चिरतो. संध्याकाळी भाऊ सगळ्यांना गोळा करून, स्वतःचे कान पकडून म्हणाले, “आजची चूक माही आहे. समुद्रात सगळेच गा.”

हसा, हसा. वहिनी, तुम्हीही हसलात, बरं वाटलं.

आणि गंमत ऐका. रिटायर होऊन नागपूरला आल्यावर भाऊ एकदा कळमन्याच्या बाजारात संत्री घ्यायला गेले. तिथं पोत्यांची थप्पी कलंडत होती आणि खाली एक हमाल. भाऊ ओरडले, “थांब गा!” हमालानं मागं वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, “थांबाले टाइम कोणाले आहे जी काका?” भाऊंनी मग त्याला हाताला धरून ओढलं. घरी येऊन वहिनींना म्हणाले, इथं सगळ्यांले समजते ना, म्हणून कोणी थांबत नाई.

हा शब्द कुठून आला, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

भाऊ वीस वर्षांचे होते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवलं होतं. ते बंद पडलं. त्यांचे काका दुरुस्त करायला उतरले आणि वर आले नाहीत. धूर साचला होता, डोळ्यांना न दिसणारा. काका पडले हे पाहून भाऊंचा मोठा भाऊ उतरला. तोही पडला. भाऊंनी काठावरून एक पाय आत टाकला होता. त्यांच्या मायनं मागून सदरा धरला. एक लेक खाली पडलेला दिसतोय, आणि ती बाई दुसऱ्याचा सदरा धरून उभी आहे. ओरडली, “थांब गा! रडायचं तं वरती रड!”

भाऊ वरती रडले. आयुष्यभर.

आता मला ज्यासाठी इथं उभं राहायचं होतं, ते बोलतो. थोडं पाणी द्या.

तिकडे दाराजवळच्या खुर्चीवर कौसल्यामावशी बसली आहे. माझ्या गावची. गजाननची माय. गजानन आणि मी एका बाकावर शिकलो, एका वर्षी समुद्रावर गेलो. अकरा वर्षांपूर्वी बार्जच्या एका टाकीत गजानन गेला. मावशी आज बसनं एकटी आली आहे. मी तिला एवढंच म्हटलं होतं, “मावशी, मनोहरभाऊ गेले. मले तिथं काही सांगायचं आहे, तू ये वं.” तिनं काहून, कशासाठी, म्हणून विचारलं नाही.

मावशी, चार वेळा तुझ्या घरी सांगायला आलो. चारही वेळा चहा पिऊन परत गेलो. एकट्यानं जमलं नाही. आणि मी मनोहरभाऊंची बदनामी केली होती ती चारचौघांत, गजाननच्या तेरवीला, मांडवात, सगळ्या गावासमोर. तर त्याची दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला पाहिजे.

सगळ्यांना समजावं म्हणून नीट सांगतो.

जहाजाच्या पोटात लोखंडाच्या मोठ्या टाक्या असतात. महिनोन्महिने बंद. आत गंज चढतो. इथं नागपुरात गंज म्हटलं की बायकांना वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, आठवतं. मी लोखंडावर चढतो तो गंज म्हणतो. तो गंज आतली हवा खातो. हवेतलं जे आपल्याला जगायला लागतं, तेवढंच नेमकं खातो. वास नाही, धूर नाही, खोकला नाही. माणूस शिडीवरून उतरतो, दोन श्वास घेतो आणि कोसळतो. म्हणून आधी पंख्यानं आत हवा भरायची, मग हवा मोजायचं मीटर दोरीला बांधून आत सोडायचं. मीटर वीस पॉइंट नऊ, म्हणजे शंभर भागांत तेवढा ऑक्सिजन, दाखवेल तेव्हाच माणूस उतरवायचा. मीटर खाली सोडलं की भाऊ सगळ्यांना गप्प उभं करायचे. कोणी चुळबूळ केली तर म्हणायचे, “हवेले बोलू दे.”

आणि टाकीच्या झाकणापाशी एक माणूस उभा ठेवायचा. आम्ही त्याला तोंडावरचा माणूस म्हणायचो. त्याचं काम एकच. तिथं उभं राहायचं, आणि परवानगीशिवाय कोणाला उतरू द्यायचं नाही. इतकं सोपं काम की ते कोणाला करावंसं वाटत नाही.

त्या दिवशी तोंडावरचा माणूस मी होतो.

मावशी, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

जेवणाची वेळ होती. टाकी उघडी होती, पंखा बंद केला होता. सकाळचं मीटर बरोबर होतं, पण जेवणानंतर परत तपासायचं असतं. बार्जवर मोबाईलची रेंज मागच्या डेकच्या एकाच कोपऱ्यात यायची. माझी आई त्याच वेळी शेतातून घरी यायची. मी फोन करायला गेलो. पाच मिनिटं. गजाननचा पाना सकाळी आत राहिला होता. तो आला, तोंडावर कोणी नव्हतं. मी असतो तर म्हटलं असतं, “थांब बे गज्या, मीटर येऊ दे.” आणि तो थांबला असता. मला शिव्या दिल्या असत्या, पण थांबला असता.

मी परत आलो. वाकून पाहिलं. तो शिडीच्या पायथ्याशी पडला होता, झोपल्यासारखा.

मी पाय आत टाकला. आणि मागून माझा पट्टा कोणीतरी धरला. “थांब गा!” मी हिसका दिला. भाऊंनी मला डेकवर आपटलं, आणि अक्षरशः छातीवर बसले. तिथूनच ओरडून ओरडून श्वासाच्या टाक्या पाठीला लावलेली दोन माणसं बोलावली. ती आत उतरली. गजाननला वर आणलं. मी भाऊंना खालून बुक्क्या मारत होतो. माझ्या हाताचे वळ त्यांच्या तोंडावर आठ दिवस होते. त्यांनी मला सोडलं नाही.

गजानन वाचला नाही.

आणि मी गावात येऊन काय सांगितलं? सांगितलं की मी उतरत होतो, मी त्याला काढलं असतं, पण त्या भोयरनं मला दाबून धरलं. भित्रा माणूस, म्हटलं. मावशी, प्रत्येक शब्द खरा वाटत होता मला. फक्त त्याच्या आधीची पाच मिनिटं मी खाऊन टाकली होती.

कंपनीच्या चौकशीत मात्र भाऊंनी काही लपवलं नाही. तोंडावर माणूस नव्हता, असं स्पष्ट लिहिलं. पण चौकशी करणारे साहेब ‘कोण, कोण’ विचारत होते आणि भाऊ ‘काहून’ विचारत होते. विलास जागा सोडून गेला काहून? फोनसाठी. फोनले तिथंच काहून? रेंज तिथंच येते. त्याच वेळी काहून? त्याची माय तेव्हाच घरी असते. मग एकटा माणूस तोंडावर ठेवला काहून? इथं भाऊ थांबले, आणि म्हणाले, “ते मी ठेवला. एकट्या माणसाले तहान लागते, लघवीले लागते, मायची आठवण येते. हे मले समजाले पायजे होतं.” आणि त्या कागदावर जबाबदार म्हणून सगळ्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं.

त्या दिवसानंतर आमच्या बार्जवर तोंडावर कायम दोन माणसं. झाकणाखाली कुलूप लावलेली लोखंडी जाळी, किल्ली तोंडावरच्या माणसाच्या गळ्यात. पंखा बंद झाला की जाळी बंद. आणि जेवणघराच्या बाहेर फोन बसवला, घरी बोलायला. साहेब म्हणाले, फोनचा सेफ्टीशी काय संबंध? भाऊ म्हणाले, आहे. मी होतो तोवर आमच्या टाकीत परत कोणाचा जीव गेला नाही. नंतर मी समुद्र सोडला. आता मौद्याकडे एका कंत्राटदाराकडे काम करतो. बॉयलरमध्ये, टाकीत माणसं उतरतात तेव्हा तोंडावर उभा असतो. दुसरं काम मी मागत नाही.

मावशी, भाऊ दरवर्षी गजाननच्या दिवशी तुझ्याकडे यायचे. आठवतं? तू त्यांना बस म्हटलं नाहीस. पाणी विचारलं नाहीस. ते अंगणात चपला काढून उभे राहायचे दहा मिनिटं. जाताना गावच्या विहिरीवरच्या जाळीचं कुलूप ओढून पाहायचे आणि बस पकडायचे. अकरा वर्षं. एक शब्द बोलले असते, ‘तोंडावर विलास होता’, एवढा एकच, तर तू त्यांना घरात घेतलं असतंस. आणि मला बाहेर काढलं असतंस.

गेल्या महिन्यात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेलो. फुप्फुसं थकली होती. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं होतं, त्यावर सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी आकडा. माझ्याकडे पाहून मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “पाहा गा विलास, मीटर खाली आहे. मले उतरायची परवानगी नाई.” वहिनी रागावल्या, मास्क परत लावला.

मी पाय धरले. म्हटलं, “भाऊ, तुम्ही मावशीले काहून नाई सांगतलं?”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग मास्क उचलून, एकेक शब्द करत बोलले. जसं आठवतं तसं सांगतो. “तिचा एक गेला होता. तू तिच्या घरी जात होता. तिचं धान्य दळून आणत होता, तिले दवाखान्यात नेत होता. तुले तिनं हाकललं असतं, तं तिचे दोन गेले असते. एक आत पडला म्हणून दुसरा पडू द्याचा नाई, गा. एवढंच तं शिकवलं मी तुमाले.”

मी विचारलं, “आन तुमचं काय, भाऊ? तुमाले तिनं इतके वर्षं...”

हसले. “मी वरतीच होतो ना. वरच्या माणसाले काही होत नाई.”

होतं, भाऊ. होतं. मला आता कळतं.

मावशी, मी सांगितलं. सगळं सांगितलं. आता तू मला शिव्या दे. घरात घेऊ नको. इथून उठून निघून गेलीस तरी मी तुला थांब म्हणणार नाही. तो शब्द मी माझ्यासाठी वापरणार नाही. फक्त हा जो फोटोतला माणूस आहे ना, तो भित्रा नव्हता. त्यानं माझा जीव दोनदा वाचवला. एकदा पट्टा धरून, आणि एकदा गप्प राहून.

सुमनवहिनी, तुम्ही हा माणूस सहा-सहा महिने आम्हाला उसना दिलात. त्याच्या वाट्याच्या दिवाळ्या आम्ही खाल्ल्या. आमच्यापैकी जे कोणी आज घरी पोराबाळांत आहेत, त्या सगळ्यांतर्फे तुम्हाला हात जोडतो.

आता उभं राहू या. दोन मिनिटं. टाकीत मीटर सोडल्यावर भाऊ आम्हाला उभं करायचे तसं. हलायचं नाही, कुजबुजायचं नाही. हवेला बोलू द्यायचं.

(सर्व जण उभे राहतात. शांतता.)

बसा. सगळ्यांचे आभार.

मी डोळे मिटले होते. उघडायची हिंमत होत नव्हती. या दोन मिनिटांत दाराचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत होतो.

आवाज आला नाही. मावशी आहे. सगळे बसले तरी ती उभीच आहे, खुर्चीची पाठ धरून, फोटोकडे पाहत.

मनोहरभाऊ, आयुष्यभर तुम्हाला मानानं ‘जी’ म्हटलं. आज एकदाच ‘गा’ म्हणतो, रागावू नका.

भाऊ, मावशी थांबली गा.